विषापेक्षा बिलाची भीती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. आंबेगावच्या पश्चिम भागातील एक बाई संध्याकाळी बांधावर गवत कापत असताना तिला घोणस चावली. माझ्या दवाखान्यात तिला आणले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त येत होते. "रात्रीच का आणले नाही?" मी जरा रागावूनच विचारले. नवरा म्हणाला, "डाक्टर, मोकळ्या हातानं कसं यायचं? पाच हजार जमवायला रात्र गेली."

मागे एकदा कुठल्याशा दवाखान्यात "आधी अनामत भरा" असे त्याला ऐकावे लागले होते. ते तो विसरला नव्हता. मी लस सुरू करून बाईला पुण्याला पाठवले. ती वाचली, पण मूत्रपिंडे निकामी झाल्याने तीन आठवडे डायलिसिस करावे लागले. घरची बैलजोडी विकली गेली. हीच लस त्या रात्री सरकारी रुग्णालयात मोफत मिळाली असती.

वाचकहो, बाजारात टोमॅटोचा भाव पटला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जाते. साप चावलेल्या माणसाला भाव करता येत नाही. विष त्याची ऐपत पाहत नाही आणि लसही पाहत नाही. विषबाधेची लक्षणे दिसली की साधारण १० कुप्यांपासून सुरुवात करावी लागते, कधी त्याहून जास्त लागतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते, कारण सापाने सोडलेले विष तेवढेच असते. गरिबासाठी कमी मात्रा असे काही नाही.

मग उपचार महाग का? खर्च खराच असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष काढून ते अगदी थोडे थोडे, वाढत्या प्रमाणात घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात त्यावर उतारा तयार होतो. तो शुद्ध करून लस बनते. पण खरा मोठा खर्च उशिराचा असतो. वेळेवर लस मिळाली तर बहुतेक रुग्ण थोड्या दिवसांत घरी जातात. उशीर झाला की नाग-मण्यारच्या विषाने श्वास बंद पडून कृत्रिम श्वासाचे यंत्र लागते, घोणसच्या विषाने डायलिसिस. म्हणजे गरिबाला पैशासाठी थांबवणे हे धर्माला धरून नाही, तसेच हिशेबालाही धरून नाही.

"फुकटाची किंमत राहत नाही," असे काही जण म्हणतात. पण लस फुकट आहे म्हणून कोणी साप चावून घेत नाही!

हा खर्च कोणी करायचा? डिंभे धरण कोणा एका शेतकऱ्याने बांधले नाही, सर्वांच्या पैशातून ते झाले. त्यासाठी जमिनी पश्चिमेकडच्या आदिवासी गावांनी दिल्या आणि कालव्याचे पाणी पूर्वेकडे गेले. त्याच गावांतील माणूस औषधावाचून मरू नये, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, हे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली बजावले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले आहेत. मात्र लसीची कपाटे भरलेली आहेत ना आणि रात्री डॉक्टर हजर आहे ना, हे ग्रामसभेत विचारत राहणे आपल्या हाती आहे.

साप चावल्यास एवढे लक्षात ठेवा. रुग्णाला धीर द्या, चालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव अथवा मंचर यांपैकी जवळच्या सरकारी रुग्णालयात जा.

आणि पैसे जमवायला थांबू नका. मोकळ्या हातानेच या.