स्टॅक की हीप? कंपायलर कसं ठरवतो

राजोडीच्या किनाऱ्यावरची भरतीची वेळ काढणारा छोटा प्रोग्राम गो भाषेत लिहिलाय, असं समजा. वेळ साठवणारं व्हेरिएबल फंक्शनपुरतंच लागत असेल, तर कंपायलर ते स्टॅकवर ठेवतो. फंक्शन संपलं की जागा आपोआप मोकळी. पण फंक्शनने त्या व्हेरिएबलचा पत्ताच बाहेर दिला तर? उद्या कोणीतरी त्या पत्त्यावर येणार! मग त्याची रवानगी हीपमध्ये होते आणि साफसफाई गार्बेज कलेक्टरच्या गळ्यात पडते. पत्त्याचा हा माग काढणं म्हणजे एस्केप ॲनालिसिस. खात्री नसेल तर कंपायलर हीपच निवडतो, आणि तेच बरोबर आहे. वेग थोडा गेला तरी चालेल, उत्तर चुकून चालणार नाही. ‘जीसीफ्लॅग्ज’ला ‘-एम’ देऊन कंपाइल करा, ‘मूव्ह्ड टू हीप’ असा निर्णय ओळ क्रमांकासकट दिसतो. एकदा जरूर पाहा.

हीपवर गेलेल्याचं पुढे काय, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. पवईच्या आयआयटीतले उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यातली कल्पना अशी: हीपमधल्या एखाद्या वस्तूपर्यंत पोहोचता येतं, पण प्रोग्राम ती पुन्हा वापरणारच नाही, असे दुवे कंपायलरने आधीच हेरून तोडले, तर कलेक्टरला ती जागा लवकर सोडवता येते.