दहा तारखेच्या आत

दहाला पाच मिनिटं कमी आहेत. विलेपार्ले पूर्वेला, हनुमान रोडलगतच्या एका गल्लीतून मावशी आणि मी बँकेकडे निघालो आहोत. जूनची नऊ तारीख. रात्रभर कोसळून पाऊस आता नुसता भुरभुरतोय. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, निवृत्त शिक्षिका. एका हातात छत्री आहे आणि दुसऱ्या हाताने कापडी पिशवी पोटाशी धरलेली. पिशवीत प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली दोन पासबुकं, चेकबुक, लाल बांधणीची वही आणि दोन्हीकडून टोक काढलेली पेन्सिल.

"पाऊस उघडला की जाऊ," असं मी घरी म्हणून बघितलं होतं. "आज नऊ तारीख आहे," एवढंच उत्तर मिळालं.

नऊ तारखेचं प्रकरण मला वाटेत कळतं. पूर्वी बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं. म्हणून भरणा दहाच्या आत करायचा आणि महिना संपेपर्यंत शक्यतो खात्याला हात लावायचा नाही, ही नोकरदारांच्या घरातली शिस्त. १ एप्रिल २०१०पासून व्याज रोजच्या शिलकीवर मोजायला लागले. नियम गेला, मावशीची फेरी राहिली.

"व्याजासाठी नाही रे जात आता. महिन्यातून एकदा खात्याचं तोंड बघावं म्हणून जाते."

शटर वर जातं. दारातल्या बादलीत ओल्या छत्र्या पडतात. पासबुक छापायच्या मशीनपुढे आमच्या आधीच सात जण आहेत. एक काका पासबुक उलटं सरकवतात, मशीन ते तोंडातून बाहेर काढल्यासारखं परत देतं. "बारकोड वरच्या बाजूला, काका," मागून कुणीतरी सांगतं. मग करर्र आवाज सुरू होतो आणि रांग एका पावलाने पुढे सरकते.

छापून झालेलं पासबुक मिटून बरीचशी मंडळी तशीच दाराबाहेर पडतात. मावशी पडत नाही. ती भिंतीलगतच्या बाकावर बसते, मांडीवर डावीकडे वही आणि उजवीकडे पासबुक उघडते आणि पेन्सिल हातात घेते. वहीत महिनाभराचा जमाखर्च आहे: निवृत्तिवेतन, वीजबिल, गॅस, औषधं, टिळक मंदिरातल्या ग्रंथालयाची वर्गणी. पासबुकातली ओळ वहीत सापडली की दोन्हीकडे बारीक बरोबरची खूण. सापडली नाही तर पासबुकात टिंब. वरून विमान जातं, खिडकीची काच थरथरते, पेन्सिल हवेत थांबते. विमान गेलं की पुन्हा चालू. पार्ल्यात राहून हे अंगवळणीच पडलेलं.

आज एकच टिंब पडलंय. १७ रुपये ७० पैसे.

"पंधरा रुपये तिमाहीचे एसएमएसचे," ती स्वतःशीच हिशेब करते, "आणि अठरा टक्के जीएसटी. दोन सत्तर. बरोबर." टिंबावर खूण चढते. "हे मी खुशीने देते. पैसा हलला की फोन वाजलाच पाहिजे."

मग चेक. इमारतीच्या दुरुस्तीसाठी सोसायटीला पंचाहत्तर हजार द्यायचे आहेत. मावशी चेक लिहिते तेव्हा बघत राहावं. आधी डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा आणि त्यांच्यामध्ये 'अकाउंट पेयी'. मग सोसायटीचं पूर्ण नाव, आणि नाव संपतं तिथून ओळीच्या टोकापर्यंत आडवी रेघ. अक्षरी रक्कम अगदी कडेला चिकटून सुरू होते, शेवटी 'फक्त', पुन्हा रेघ. आकड्यापुढे आणि मागे बोटभरही जागा सुटत नाही. सही सर्वांत शेवटी. चेक फाडण्याआधी चेकबुकाच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात नंबर, तारीख, नाव, रक्कम लिहून होतं.

शेजारी एक कॉलेजातला मुलगा आपला चेक घेऊन परत आलाय. रकमेतला तीन त्याने गिरवून आठ केला होता, खाली सहीही केली होती. काउंटरवरून नकार मिळाला. चेकची प्रतिमाच आता वटवायला जाते, त्यामुळे तारीख सोडून दुसरी खाडाखोड चालत नाही. "नवीन लिही रे," मावशी त्याला म्हणते. "आणि हा आडवा फाडू नकोस नुसता, आधी रद्द लिही त्याच्यावर."

पंचाहत्तर हजारांचा चेक दिला म्हणजे काम संपलं असं नाही. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकसाठी जानेवारी २०२१पासून 'पॉझिटिव्ह पे'ची सोय आहे. चेकचा नंबर, तारीख, कुणाच्या नावाने आणि किती रुपये हे आपण बँकेला आधीच कळवायचं. चेक आला की बँक ताडून बघते. मावशी तो फॉर्म भरून देते. काउंटरवरचा तरुण अधिकारी सांगतो, "आजी, पैसे आत्ताच आहेत ना खात्यात? ४ ऑक्टोबर २०२५पासून चेक त्याच दिवशी वटायला लागलेत. पूर्वीसारखं दोन दिवसांत भरते म्हणून चालत नाही."

"मी चेक आधी कधी लिहिला नाही, पैसे आधी भरले," मावशी म्हणते. वटला नाही तर कलम १३८ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे तिला ठाऊक आहे. पण तिला त्याहून भीती सोसायटीच्या नोटीस बोर्डाची.

दोन पासबुकांचंही गणित आहे. एक व्यवहाराचं खातं. त्यात दहा-पंधरा हजारच असतात, फोनवरचं यूपीआय आणि कार्ड त्यालाच जोडलेलं. भाजीवाला, रिक्षा, केमिस्ट सगळे त्यातून. दुसरं निवृत्तिवेतनाचं, त्याला ना यूपीआय, ना कार्ड. ते या बँकेत आहे, पंचाहत्तर हजारांचा चेक त्यावरचाच; व्यवहाराचं दुसऱ्या बँकेत. फोन हरवला, कुणी गंडवलं, तरी जाऊन जाऊन जाणार ते व्यवहाराच्या खात्यातलं.

दुसरी बँक का, हे विचारायची गरज नाही. २३ सप्टेंबर २०१९ हा दिवस उपनगरांतल्या कुठल्याच ठेवीदाराला सांगावा लागत नाही. भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, आणि सुरुवातीला खात्यातून काढायची मुभा होती फक्त हजार रुपयांची. ठेवींचा विमा तेव्हा एक लाखाचा होता. ४ फेब्रुवारी २०२०ला तो पाच लाखांचा झाला. तोही एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून. त्याच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवले तरी बेरीज एकच. हा विमा मुळात आला तोच बँका बुडाल्यामुळे. १९६०मध्ये केरळातली पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि १९६२पासून ठेवींना विम्याचं छत्र मिळालं. तेव्हा मर्यादा होती दीड हजार रुपये.

मावशीचा फोन वाजतो. अनोळखी नंबर. ती स्पीकर लावते. तिला कानाशी नीट ऐकू येत नाही.

"मॅडम, बँकेच्या मुख्य शाखेतून बोलतोय. तुमचं केवायसी संपलंय. आज संध्याकाळी खातं बंद होईल. एक लिंक पाठवतो—"

"हो का?" मावशी शांतपणे म्हणते. "थांबा हं. मी बँकेतच बसलेय. समोर साहेब आहेत, त्यांच्याकडेच देते."

फोन तुटतो. काउंटरपलीकडे कॅशियरबाई तोंडावर रुमाल धरतात, मशीनची रांग हसते. अधिकारीही हसतो आणि मग सगळ्यांनाच ऐकू जाईल असं म्हणतो, "पैसे यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन म्हणजे पैसे गेले. आणि गेलेच, तर आधी १९३०ला फोन करायचा आणि लगेच आम्हाला कळवायचं."

हसण्यात एक गृहस्थ सामील झालेले नाहीत. साठीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पासबुक न उघडता धरलेलं. ते काउंटरजवळ जाऊन हळू आवाजात विचारतात, "किती दिवसांत कळवायचं?"

"आपली काही चूक नसेल, कुणी तिसऱ्यानेच परस्पर काढले असतील, तर तीन कामकाजाच्या दिवसांत. रिझर्व्ह बँकेने २०१७मध्येच ते घालून दिलंय. मग ग्राहकावर भार नाही. चार ते सात दिवस झाले तर काही भाग ग्राहकाला सोसावा लागतो."

"आणि ओटीपी आपणच सांगितला असेल तर?"

अधिकारी आता हसत नाही. "तर कळवेपर्यंत गेलेले आपले. पण कळवल्यानंतर जे जातील ते बँकेचे. म्हणून काका, लाज धरायची नाही. आधी कळवायचं."

ते गृहस्थ उभ्या उभ्या बोटांवर मोजतात. शुक्रवार. शनिवार. सोमवार. मग आज. अधिकारी आतली खुर्ची ओढून देतो आणि म्हणतो, "बसा. फॉर्म मी भरतो." शाखेतला आवाज आपोआप खाली येतो. मावशी फोन पिशवीत ठेवते. आपल्या विनोदाचं तिला आता काही वाटेनासं झालंय.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक ताई मघापासून पासबुकाच्या एकाच ओळीवर बोट ठेवून बसली आहे. आजूबाजूच्या चार घरी पोळ्या करते, असं बोलण्यात कळतं. "आजी, बघा ना. माझे चारशे छत्तीस कुणी कापले?"

मावशी चष्मा सरळ करते. मे महिन्याची अखेर, ४३६ रुपये आणि पुढे इंग्रजी अक्षरं. "कापले नाहीत गं. जीवनज्योती विमा आहे हा, सरकारी. दरवर्षी मेच्या शेवटी जातात. कधीतरी कागदावर सही केली असशील."

"खातं काढताना बऱ्याच सह्या घेतल्यावत्या." ताई आठवते. "विमा म्हंजे किती?"

"दोन लाख. तुला काही झालं तर घरच्यांना."

ताई बराच वेळ त्या ओळीकडे बघते. पैसे कापले गेल्याचा राग उतरलेला दिसतो, पण त्याच्या जागी दुसरंच काही आलंय. "घरच्यांना म्हंजे कुणाला?"

पासबुकाच्या पहिल्या पानावर नामांकन नोंदवलेलं आहे, एवढंच छापलंय. नाव कुणाचं ते काउंटरवर कळतं. नवऱ्याचं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली.

नामांकनाचा फॉर्म येतो. ताईला दोन मुली. "एकीचं लिहू का दोघींचं?" १ नोव्हेंबर २०२५पासून खात्याला चार जणांपर्यंत नामांकन करता येतं, प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहून. पन्नास आणि पन्नास. विम्याच्या नामांकनाचा कागद वेगळा, तोही आजच भरायचा. मी नावं लिहितो, ती अक्षर न् अक्षर तपासते. मुलींच्या शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच हवं, एवढी तिला खात्री आहे.

फॉर्म देऊन परत आल्यावर ती मावशीकडे हात पुढे करते. "तेवढी पेन्सिल द्या." आणि ४३६च्या ओळीपुढे, मावशीकडे बघून बघून, बरोबरची खूण करते. मग वरच्या ओळीपुढे. मग त्याच्याही वरच्या. तिला हिशेब पाठ आहे. कुठल्या घरचा पगार कधी आला, ते वहीशिवाय माहीत आहे.

बाहेर पाऊस धरलाय. पार्लेश्वराच्या दिशेने वळताना मावशी पिशवीत हात घालते आणि थांबते.

"पेन्सिल राहिली."

"आणू का परत?"

"नको." ती छत्री उघडते. "अजून ओळी आहेत तिच्या. पुढच्या नऊ तारखेला भेटेलच."