पुसली तरी परतणारी साय

तान्ह्या बाळाच्या जिभेवर सायीसारखा पांढरा थर दिसला की आपण तो ओल्या फडक्याने पुसतो. दूध असेल तर सहज निघतो. कॅन्डिडा ही बुरशी असेल तर खाली लालभडक, कधी रक्ताळलेली जागा उघडी पडते. बहुतेक बाळांना औषधाने बरे वाटते. मोजक्या मुलांत मात्र साय परतत राहते. ओठांचे कोपरे चिरतात, नखुरडे होते, मग नख जाड, पिवळट होऊन त्याचा भुगा पडतो. आणि आईला ऐकावे लागते, ‘स्वच्छता नाही तुमच्याकडे.’

हा आरोप अन्यायाचा आहे. कॅन्डिडा धडधाकट माणसांच्याही तोंडात, आतड्यात मुक्कामाला असते. तिला आवर घालायला प्रतिकारशक्तीच्या टी पेशी इंटरल्यूकिन-17 नावाचा निरोप धाडतात. तो मिळाला की त्वचेच्या पेशी बुरशीमारक प्रथिने बनवतात, न्यूट्रोफिल पेशींना बोलावून घेतात. 2011 साली पॅरिसच्या आन पुएल, झाँ-लॉराँ काझानोव्हा आणि सहकाऱ्यांनी हा निरोपच तुटलेली कुटुंबे दाखवली. एका मुलात निरोप झेलणारा रेणू नव्हता, तर दुसऱ्या कुटुंबात निरोपच लुळा होता.

त्याच वर्षी स्टॅट-1 जनुकाचा दोष सापडला, आणि मला तो सर्वांत विलक्षण वाटतो. हे जनुक बंद पडलेले नसते, उलट गरजेपेक्षा जास्त काम करते. इंटरफेरॉन या दुसऱ्या निरोपाचे इशारे इतके चढतात की इंटरल्यूकिन-17 बनवणाऱ्या पेशी पुरेशा तयारच होत नाहीत. दोष आई-वडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. अशा रुग्णांपैकी काहींना थायरॉइडचा विकार जडतो, काहींच्या मेंदूतल्या धमनीला फुगा येतो. एका रक्तविकारासाठी आलेले रुक्सोलिटिनिब हे औषध यांतल्या काहींना उपयोगी पडले आहे.

एअर जनुकाची गोष्ट निराळी. ते 1997 मध्ये ओळखले गेले. ते बिघडले की थायमस ग्रंथीत टी पेशींना आपले कोण, परके कोण हे नीट कळत नाही, आणि शरीर इंटरल्यूकिन-17 विरुद्धच प्रतिपिंडे बनवते. 2021 च्या संशोधनाने त्यात गॅमा इंटरफेरॉनच्या अतिरेकाचीही भर घातली. फिनलंडमध्ये सुमारे 25,000 माणसांत एक, तर इराणी ज्यूंमध्ये सुमारे 9,000 माणसांत एक रुग्ण आढळतो. बहुधा आधी तोंडातली बुरशी येते, पुढे कॅल्शियम घसरून हातपाय वळतात, मग अधिवृक्क ग्रंथी थकते. पहिली खूण ओळखली तर पुढच्या संकटांवर नजर ठेवता येते.

कार्ड-9 जनुकाचा दोष सर्वांत घातक. इतर दोषांत बुरशी सहसा वरवर राहते. इथे कॅन्डिडा मेंदूपर्यंत जाते, साधा गजकर्णही कातडीखाली उतरतो. गजकर्णाचे हे रूप 2013 मध्ये अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियातल्या कुटुंबांत उघड झाले.

आपल्याकडे हटणार नाही अशा गजकर्णामागे बहुतेक वेळा दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे मलम असते, जनुक नव्हे. ते आधी थांबवावे. पण बालपणापासून तोंड, नखे, त्वचा तिन्ही धरून बसलेली बुरशी वेगळी समजावी. कार्ड-9 सारख्या दोषाला आई-वडील दोघांकडून सदोष प्रत यावी लागते, म्हणून मामेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत विशेष चौकशी हवी. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत जन्मजात प्रतिकारदोषांचा तपास होतो. स्टॅट-1 सारखा दोष मात्र एकाकडूनही येतो, म्हणून डॉक्टरांनी त्याआधी मुलाच्या आई-वडिलांनाही हात पुढे करायला सांगून नखे पाहावीत.