झेरॉक्सच्या दुकानातला जर्मन प्राध्यापक

तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहा. सातबारा, आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं त्या काचेवरून जातं. कुणी मोठं पान पुढे करून म्हणतं, ‘हे छोट्यात बसवा.’ दुकानदार ७१ टक्के लावतो आणि ए-थ्रीवरचा मजकूर ए-फोरवर नेमका उतरतो. ना कड कापली जाते, ना एका बाजूला कोरी पट्टी उरते. छोट्याचं मोठं करायचं तर १४१ टक्के. हे आकडे आले कुठून?

उत्तर कागदाच्या घडीत आहे. करारनाम्याचा लीगल कागद १४ इंच लांब, साडेआठ इंच रुंद. म्हणजे लांबी रुंदीच्या सुमारे १.६५ पट. मधोमध दुमडला की उरतो साडेआठ बाय सात, जवळजवळ चौरस. कागदाची ठेवणच बदलली. ए-फोर मात्र २९७ बाय २१० मिलिमीटर. दुमडला की ए-फाइव्ह, पुन्हा दुमडला की ए-सिक्स. आकार घटत जातो, ठेवण तीच राहते. ही किमया एकाच गुणोत्तराला जमते: दोनाचं वर्गमूळ, १.४१४. अर्ध्या कागदाची लांबी म्हणजे मूळची रुंदी आणि त्याची रुंदी म्हणजे मूळच्या लांबीची निम्मी. दोन्ही गुणोत्तरं समान धरा, शाळेतल्या बीजगणितानं उत्तर दोन ओळींत येतं. क्षेत्रफळ दुप्पट करताना बाजू १.४१ पट होते, निम्मं करताना ०.७१ पट. दुकानदाराचे आकडे हेच.

हे गुणोत्तर २५ ऑक्टोबर १७८६ च्या एका पत्रात सापडतं. पत्र लिहिणारे गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग हे जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. कितीही दुमडला तरी ठेवण न बदलणारा कागद शोध, असं गणित त्यांनी एका इंग्रज शिष्याला घातलं होतं. उत्तर मिळाल्यावर नेहमीचा कागद तसा कापून बघावा म्हणून कात्री घेतली, तर तो आधीपासूनच त्या मापाचा निघाला!

या कल्पनेचं मानक व्हायला १९२२ साल उजाडलं. वाल्टर पोर्स्टमान यांनी जर्मनीसाठी मापांची मालिका आखली आणि तिची सुरुवात मीटरशी जोडली: ए-झीरोचं क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर. चार घड्यांनंतर, म्हणजे सोळाव्या हिश्शाला, ए-फोर. त्यामुळे ८० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचं, एक पान भरतं पाच ग्रॅम आणि ५०० पानांचं रीम अडीच किलो. टपालाचं वजन तराजूशिवाय काढता येतं. १९७५ मध्ये हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. अमेरिका आणि कॅनडा मात्र आजही आपल्या ‘लेटर’ कागदावर अडून आहेत.

लिख्टेनबर्ग यांचा या दुकानाशी संबंध एवढ्यावर संपत नाही. १७७७ मध्ये प्रयोगशाळेतल्या राळेच्या चकतीवर बसलेली धूळ त्यांना ताऱ्यांसारखी, झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली दिसली. चकतीवर जिथे विद्युतभार होता, तिथेच ती चिकटली होती. त्यांनी मुद्दाम भुकटी भुरभुरून अशा आकृत्या काढल्या आणि कागदावर उतरवूनही घेतल्या.

सुमारे १६० वर्षांनी हेच तत्त्व चेस्टर कार्लसन यांच्या कामी आलं. पेटंटच्या कामात नकला कधीच पुऱ्या पडत नाहीत, याला ते कंटाळले होते. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात त्यांनी गंधकाचा लेप दिलेला पत्रा कापडानं घासून भारित केला. त्यावर अक्षरं लिहिलेली काच ठेवून प्रकाश टाकला. उजेड पडला तिथला भार ओसरला, अक्षरांखालचा टिकला. वर भुरभुरलेली पूड तेवढ्याच जागी धरली आणि मेणकागदावर उतरली. आजच्या यंत्रात पत्र्याच्या जागी ड्रम असतो आणि पूड उष्णतेनं कागदावर पक्की होते. म्हणून हातात पडणारी झेरॉक्स कोमट लागते.

एवढा सगळा खटाटोप दिसत नाही, कारण तो बिनबोभाट चालतो. पण घडीचं गणित पडताळायला यंत्रसुद्धा नको. ए-फोरची दोन पानं घ्या. एकाची आखूड कड लांब कडेवर टेकवून तिरकी घडी घाला. ती तिरकी रेघ दुसऱ्या पानाच्या लांब कडेला लावून पाहा: तंतोतंत जुळेल. लिख्टेनबर्ग यांना निदान कात्री तरी शोधावी लागली होती.