पुगा खोऱ्यातील उष्ण झरे

लडाखच्या चांगथांग पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर असलेल्या पुगा खोऱ्यात दलदलीच्या सपाट तळातून वाफाळते पाणी वर येते. भारतीय भूपट्ट आणि आशिया खंड जिथे एकमेकांना भिडले, त्या सिंधू सांधपट्ट्याच्या लगतच हे खोरे असल्याने येथील खडक खोलवर भेगाळलेले आहेत. या भेगांतून पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी खाली झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि पुन्हा पृष्ठभागाकडे सरकते. उंचीमुळे हवेचा दाब कमी असल्याने येथे पाणी सुमारे ८५ अंश सेल्सिअसलाच उकळते. त्यामुळे पाणी उकळत असूनही त्यात डाळ लवकर शिजत नाही. झऱ्यांभोवती पांढरा थर साचलेला दिसतो, तो बव्हंशी टाकणखाराचा, म्हणजे सोनार डाग देताना वापरतात त्या क्षाराचा असतो, तर पिवळट डाग गंधकाचे असतात. भूगर्भातील या उष्णतेपासून वीज निर्माण करण्यासाठी २०२१ मध्ये ओएनजीसीने लडाख प्रशासनाशी करार केला.

लेहहून सिंधूच्या काठाने चुमाथांग व माहे पूल ओलांडून पर्यटक येथे पोचतात. सुमारे ३,५०० मीटरवरील लेहमध्ये आधी दोन दिवस विसावा घेतलेला बरा, कारण विरळ हवेची सवय होण्यापूर्वी येथे आल्यास डोके दुखण्याची व मळमळण्याची शक्यता असते. झऱ्याकाठची वरून कोरडी भासणारी क्षारांची खपली पावलाखाली खचते आणि खाली चटका देणारा चिखल असतो, म्हणून मळलेली वाट सोडू नये.