सांगलीचा फलंदाज : विजय हजारे यांचा पूर्वकाळ

भारतांतील निरनिराळ्या राज्यांच्या संघांमध्यें दरवर्षीं एकदिवसीय क्रिकेटची जी स्पर्धा होते, तिला विजय हजारे यांचें नांव आहे. पन्नास षटकें संपण्याच्या आंत जितक्या निघतील तितक्या धांवा काढावयाच्या, हें या खेळाचें सूत्र. ज्या गृहस्थाचें नांव अशा घाईच्या खेळाला मिळालें, त्याची कीर्ति मात्र दिवस-दिवस खेळपट्टीवर पाय रोवून उभें राहण्याबद्दल होती. सांगलीच्या एका शिक्षकाच्या घरीं जन्मलेला मुलगा भारतीय संघाच्या आधारस्तंभाच्या पदाला कसा पोंचला, आणि इतका गुणी खेळाडू आपला पहिला कसोटी सामना खेळावयास उतरला तेव्हां त्याच्या वयाचीं एकतीस वर्षें कां उलटून गेलीं होतीं, हे दोन प्रश्न लक्षांत घेतले, म्हणजे त्या काळच्या क्रिकेटची सारी रचनाच डोळ्यांपुढें उभी राहते.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगली येथें झाला. आज सांगली हें स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण आहे. त्या काळीं तें पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होतें. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ सालीं हा प्रदेश ‘दक्षिण सातारा’ या नांवाच्या नव्या जिल्ह्यांत आला, आणि १९६० सालीं त्या जिल्ह्याचें नांव सांगली असें झालें. कृष्णेचा कांठ, गणपतीचें देऊळ आणि हळदीची बाजारपेठ यांबद्दल प्रसिद्ध असलेलें हें गांव. क्रिकेटच्या नकाशावर मात्र त्याला फारसें स्थान नव्हतें. हजारे यांचें कुटुंब मराठी ख्रिस्ती होतें, आणि घरांत आठ भावंडें होतीं. शिक्षकाच्या पगारांत एवढ्या मोठ्या कुटुंबाचा चरितार्थ चालवावयाचा, तर खेळासारख्या हौशीसाठीं किती पैसा उरणार, याची कल्पना कोणत्याही मध्यमवर्गीय गृहिणीला सहज करतां येईल.

त्या काळीं होतकरू खेळाडूला आधार द्यावयास तीन ठिकाणें होतीं. पहिलें मुंबईच्या जिमखान्यांचें; तेथें श्रीमंत व्यापाऱ्यांचा पैसा आणि उत्तम मैदानें होतीं. दुसरें पुण्यासारख्या शहरांतील कॉलेजें व क्लब यांचें. तिसरें राजेरजवाड्यांचें. खेळून पोट भरण्याची सोय नसल्यामुळें पुष्कळ खेळाडू एखाद्या संस्थानांत नोकरी धरीत आणि त्या संस्थानच्या संघाकडून खेळत. हजारे यांच्या कारकीर्दींत पुढें मध्य भारत आणि बडोदा हीं नांवें कां येतात, त्याचा उलगडा या व्यवस्थेंत आहे. खेळाडूनें प्रांत बदलला, म्हणजे त्यानें निष्ठा बदलली असें त्या काळीं कोणी मानीत नसे. जेथें चूल पेटेल तेथें त्याला जावें लागे.

१९३४-३५ च्या हंगामांत रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली, आणि त्याच हंगामांत हजारे महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीचे सामने खेळूं लागले. तेव्हां त्यांचें वय एकोणीस-वीस वर्षांचें होतें. त्यानंतर १९३५-३६ पासून १९३८-३९ पर्यंतच्या काळांत ते मध्य भारताच्या संघाकडून खेळले. १९३८ सालीं राजपुतान्याचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, त्यांत त्यांचा समावेश होता. याच सुमारास ऑस्ट्रेलियाचे जगद्विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचें मार्गदर्शन त्यांना लाभलें. कसोटी सामन्यांत दोनशे बळी मिळविणारा जगांतील पहिला गोलंदाज म्हणजे हे ग्रिमेट. सांगलीच्या तरुणाला असा गुरु लाभावा, हा मोठाच योग होय.

फलंदाज म्हणून हजारे यांची ढब पुस्तकांतील चित्राशीं जुळणारी नव्हती. पवित्रा घेतांना ते बॅट दोन्ही पॅडांच्या मध्यें धरीत. शास्त्रशुद्ध शिक्षण देणाऱ्या कोणालाही हें पाहून कपाळाला आठी घालावीशी वाटली असती. पण पवित्रा हें फलंदाजीचें केवळ आरंभस्थान आहे. चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर नजर किती लवकर त्याची जात ओळखते आणि बॅट योग्य क्षणीं त्याच्या मार्गांत येते कीं नाहीं, यावर सारें अवलंबून असतें. या बाबतींत हजारे यांची तयारी पक्की होती. शिवाय ते मध्यमगती गोलंदाजही होते; प्रथम श्रेणीच्या कारकीर्दींत त्यांनीं पांचशेंहून अधिक बळी मिळविले. गोलंदाज काय डाव टाकीत आहे हें स्वतः गोलंदाजी करणाऱ्या फलंदाजाला अधिक लवकर उमगतें, हें निराळें सांगावयास नको.

महाराष्ट्राच्या संघाची धुरा त्या वेळीं प्रो. दि. ब. देवधर यांच्याकडे होती. १८९२ सालीं जन्मलेल्या या कर्णधारानें पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतांना तरुणांचा संघ हाताशीं धरून मुंबईच्या वर्चस्वाला आव्हान दिलें, आणि १९३९-४० व १९४०-४१ असे दोन हंगाम लागोपाठ रणजी करंडक महाराष्ट्राला मिळवून दिला. यांपैकीं पहिल्या हंगामांत पुणें येथें बडोद्याविरुद्ध हजारे यांनीं नाबाद ३१६ धांवा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्रिशतक करणारे ते पहिले भारतीय होत. सांगलीचा खेळाडू आतां सर्व हिंदुस्थानला ठाऊक झाला. १९४१ सालापासून ते बडोद्याकडून, म्हणजे ज्या संघाला त्यांनीं असें झोडपलें होतें त्याच संघाकडून, खेळूं लागले आणि अखेरपर्यंत तेथेंच राहिले.

एवढा पराक्रम केल्यावर भारतीय संघांत जागा मिळण्यास उशीर कां व्हावा? याचें उत्तर खेळाडूकडे नसून काळाकडे आहे. भारतानें पहिला कसोटी सामना १९३२ सालीं खेळला. १९३६ च्या ऑगस्ट महिन्यांत ओव्हलचा सामना संपला. त्यानंतर १९४६ च्या जूनपर्यंत भारताच्या वाट्याला एकही अधिकृत कसोटी सामना आला नाहीं. या दहा वर्षांपैकीं सहा वर्षें महायुद्धानें खाल्लीं. फलंदाजाचीं वयाच्या एकविसाव्यापासून एकतिसाव्यापर्यंतचीं वर्षें, म्हणजे नजर तीक्ष्ण आणि पाय चपळ असण्याचा काळ, हजारे यांनीं कसोटीच्या मैदानाबाहेर घालविला. हें दुःख त्यांचें एकट्याचें नव्हतें. विजय मर्चंट यांच्यासारख्या थोर फलंदाजालाही साऱ्या आयुष्यांत अवघे दहा कसोटी सामने खेळावयास मिळाले.

युद्धकाळांत देशांतले सामने मात्र चालू होते, आणि त्यांत सर्वांत अधिक गर्दी खेंचणारी स्पर्धा मुंबईची पंचरंगी. तिची घडण आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. तेथें संघ प्रांतांचे नसून जमातींचे असत. प्रथम युरोपियन आणि पारशी यांचे सामने होत. १९०७ सालीं हिंदूंचा व १९१२ सालीं मुसलमानांचा संघ त्यांत आला. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आदि उरलेल्यांना या स्पर्धेंत जागाच नव्हती. १९३७ सालीं त्या सर्वांचा मिळून ‘रेस्ट’, म्हणजे ‘इतरेजन’, असा पांचवा संघ झाला, तेव्हां कोठें हजारे यांच्यासारख्याला देशांतल्या सर्वांत गाजलेल्या स्पर्धेचें दार उघडलें. खेळांत धर्मभेद कशाला, असा आक्षेप या स्पर्धेवर अनेकांनीं घेतला. १९४० सालीं महात्मा गांधींनींही तिच्याबद्दल नापसंती व्यक्त केली. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती बंद पडली.

१९४३-४४ च्या हंगामांत या स्पर्धेनें एक अपूर्व द्वंद्व पाहिलें. स्पर्धेंतील सर्वोच्च वैयक्तिक धांवसंख्या मर्चंट यांच्या नांवावर होती. हजारे यांनीं मुसलमानांच्या संघाविरुद्ध २४८ धांवा करून ती ओलांडली. अंतिम सामना ब्रेबोर्न स्टेडियमवर हिंदू व इतरेजन यांच्यांत झाला. त्यांत मर्चंट यांनीं नाबाद २५० धांवा काढून उच्चांक परत आपल्याकडे घेतला. हिंदूंनीं ५ बाद ५८१ वर डाव सोडला. इतरेजनांचा पहिला डाव १३३ धांवांत आटोपला. त्यांत हजारे यांच्या ५९ होत्या. मग फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावांत हजारे यांनीं एकट्यानें ३०९ धांवा केल्या, आणि तो उच्चांक पुन्हा त्यांचा झाला.

या डावाचा हिशेब जरा बारकाईनें पाहण्यासारखा आहे. संघाची एकूण धांवसंख्या ३८७. हजारे यांच्या ३०९ वजा केल्या तर बाकीचे दहा खेळाडू आणि अवांतर मिळून राहतात ७८. त्यांपैकीं २१ धांवा त्यांचे धाकटे बंधु विवेक हजारे यांच्या. परंतु या एकवीस धांवांवरून विवेक यांची कामगिरी मोजणें अन्यायाचें होईल. दोघां भावांनीं मिळून तीनशें धांवांची भागीदारी केली! एक भाऊ धांवा करीत होता आणि दुसरा नुसता उभा राहून त्या करणें शक्य करून देत होता. क्रिकेटमध्यें दुसरें टोंक सांभाळणाऱ्याचें नांव धांवफलकावर ठळक दिसत नाहीं, पण तो गेला कीं मोठ्या फलंदाजाचाही खेळ संपतो. सामना हिंदूंनीं एक डाव आणि ६१ धांवांनीं जिंकला, तरी लोकांच्या तोंडीं राहिली ती पराभूत संघाची झुंज.

१९४६ सालीं भारतीय संघ इंग्लंडला गेला, आणि लॉर्ड्‌सच्या मैदानावर हजारे यांचा कसोटींत प्रवेश झाला. त्या दौऱ्यांत यॉर्कशायरविरुद्ध त्यांनीं नाबाद २४४ धांवा केल्या. परत आल्यावर १९४७ च्या मार्च महिन्यांत बडोदें येथें होळकर संघाविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. बडोद्याचे तीन गडी ९१ धांवांत बाद झाले असतां हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली, ती ५७७ धांवांची भर घालूनच फुटली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही गड्यासाठीं प्रथम श्रेणीच्या सामन्यांत झालेली ही सर्वांत मोठी भागीदारी म्हणून २००६ पर्यंत जगांत गणली जात होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतंत्र भारताचा पहिला संघ ऑस्ट्रेलियाला गेला. समोर ब्रॅडमन यांचा संघ, आणि गोलंदाजीला लिंडवॉल व मिलर. १९४८ च्या जानेवारींत ॲडलेडच्या कसोटींत ऑस्ट्रेलियानें ६७४ धांवांचा डोंगर उभा केला. २०१ धांवांवर असलेल्या ब्रॅडमन यांचा त्रिफळा हजारे यांनींच उडविला. मग पहिल्या डावांत हजारे यांच्या ११६ आणि दत्तू फडकर यांच्या १२३ धांवांमुळें भारताला ३८१ पर्यंत मजल मारतां आली, तरी फॉलोऑन टळला नाहीं. दुसऱ्या डावांत लिंडवॉल यांनीं ३८ धांवांत सात गडी टिपले. भारताच्या २७७ धांवांपैकीं १४५ एकट्या हजारे यांच्या होत्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. सामना भारतानें एक डाव आणि १६ धांवांनीं गमावला.

पंचरंगीचा अंतिम सामना आणि ॲडलेडची कसोटी या दोहोंत हजारे यांचा पक्ष हरला. विजयाची आशा मावळल्यावर, तळपत्या उन्हांत, आपली जागा न सोडणें हीच त्यांची खरी कसोटी होती, आणि तींत ते उतरले. पराभव ठरलेला असतांनाही प्रतिपक्षाला बळी विकत घ्यावयास लावावा, हा धडा नवख्या भारतीय संघाला त्यांनीं बॅटीनें दिला. भाषणें करणें त्यांच्या अबोल स्वभावांत नव्हतें. १९५२ च्या फेब्रुवारींत मद्रास येथें इंग्लंडला हरवून भारतानें कसोटींतला आपला पहिला विजय मिळविला, तेव्हां संघाचे कर्णधार विजय हजारेच होते. पहिल्या कसोटीपासून त्या विजयापर्यंत भारताला वीस वर्षें वाट पाहावी लागली होती. त्यांतलीं दहा वर्षें त्या कर्णधारानें मैदानाच्या कुंपणाबाहेर उभ्या राहून काढलीं होतीं.