तटावरच्या माणसाची पारख
(द्वितीय वर्ष, कला)

‘फुटबॉल’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने टोलवलेला गोल चेंडू येतो. अमेरिकेत मात्र याच नावाचा एक निराळा खेळ आहे. तेथला चेंडू लांबट असतो, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायाने क्वचित आणि हाताने फार खेळला जातो. आमच्या घरात या खेळाचा शिरकाव माझ्या थोरल्या भावामुळे झाला. दादा टेम्पो चालवतो. रात्रीची फेरी करून आला की झोप लागेपर्यंत मोबाईलवर सामने पाहत पडतो. त्याच्या शेजारी बसून मी हा खेळ शिकले. आरंभी मला सगळा गोंधळच दिसे. तेव्हा दादा म्हणाला, “अगं, चेंडूकडे बघूच नकोस. डावीकडच्या टोकाचा तो धिप्पाड गडी बघ.”

प्रस्तुत लेख त्या गड्याविषयी आहे. महाविद्यालयात खेळणाऱ्या अशा मुलाला व्यावसायिक संघ कसा पारखतो, ते मला समजले तेवढे येथे सांगते.

प्रथम खेळाची तोंडओळख. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी चार प्रयत्नांत तो दहा यार्ड पुढे न्यायचा. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच जणांची भिंत असते. मध्ये सेंटर, त्याच्या दोहों बाजूंस दोन गार्ड आणि दोन टोकांना दोन टॅकल. यांनाच ‘ऑफेन्सिव्ह टॅकल’ म्हणतात. क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अडवणे हे त्यांचे काम. पुढे फेकलेला चेंडू एरवी त्यांना झेलताही येत नाही.

उजव्या हाताने चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक फेकताना डावा खांदा पुढे करतो. साहजिकच त्याच्या डावीकडून मागून येणारा शत्रू त्याला दिसत नाही. ती बाजू लेफ्ट टॅकलने राखायची. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याला न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने पाडले. थाइसमनचा पाय मोडला, आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. लाखो लोकांनी ते दूरदर्शनवर पाहिले. लेफ्ट टॅकलच्या जागेचे मोल टेलरसारख्या खेळाडूंनी सर्वांना पटवून दिले. पुढे या जागेचे मोल पगारातही उतरले.

परंतु या कामाची एक गंमत आहे. फलंदाजाच्या नावापुढे धावा लागतात, गोलंदाजाच्या नावापुढे बळी. टॅकलच्या नावापुढे काय लागणार? त्याने काम चोख केले तर काहीच घडत नाही! क्वार्टरबॅक उभा राहतो, चेंडू फेकतो, टाळ्या झेलणाऱ्याला मिळतात. टॅकलचे नाव ऐकू येते ते तो चुकला म्हणजे. प्रतिस्पर्ध्याला अवैधपणे धरले तर संघाला दहा यार्डांचा दंड बसतो, आणि दंडाबरोबर त्याचा क्रमांक साऱ्या मैदानाला ऐकवला जातो. ज्याचे यश डोळ्यांना दिसत नाही अशा माणसाची निवड करायची कशी?

ही निवड ‘ड्राफ्ट’ नावाच्या पद्धतीने होते. १९३६ पासून ती चालू आहे. बत्तीस व्यावसायिक संघ आळीपाळीने महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत मागे पडला त्याला पहिली निवड मिळते. सात फेऱ्यांत सुमारे अडीचशे मुले निवडली जातात. पहिल्या फेरीतल्या मुलाचे आयुष्य एका रात्रीत पालटते, आणि निवड चुकली तर संघ काही वर्षे मागे जातो.

ड्राफ्टच्या आधी मोजमाप होते. इंडियानापोलिस या शहरात १९८७ पासून त्यासाठी ‘कंबाइन’ नावाचा मेळावा भरतो. तेथे उंची, वजन, खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी, अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत, सारे मोजतात. वैद्यकीय तपासणी होते. सुमारे १०२ किलोचे वजन छातीवरून किती वेळा उचलतो ते मोजतात. ४० यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर पळायला लावतात. अमेरिकेतही काही जण या प्रकाराला गुरांचा बाजार म्हणतात, आणि प्रथम पाहताना मलाही तसेच वाटले होते.

पण प्रत्येक मापामागे काही विचार आहे, आणि प्रत्येक मापाला मर्यादाही आहे. दीडशे किलोच्या जवळपास वजनाचा टॅकल सामन्यात चाळीस यार्ड सरळ पळतो कितीदा? म्हणून जाणकार त्यातल्या पहिल्या दहा यार्डांची वेळ पाहतात, कारण त्याची सारी लढाई पहिल्या काही पावलांत असते. वजन उचलण्यात लांब हातांचा मुलगा मागे पडतो, कारण त्याला तेच वजन अधिक अंतर ढकलावे लागते. आणि तोच लांब हात मैदानात त्याच्या उपयोगी पडतो! धावून येणाऱ्याच्या छातीवर ज्याचे हात आधी टेकतील, त्याचा वरचष्मा. म्हणून टॅकलचा हात निदान ३३ इंच असावा असा एक संकेत आहे. काही जण ३४ म्हणतात. हात आखूड असेल तर त्याला आत सरकवून गार्ड करावे, असा सल्ला मिळतो.

मापे झाली की खरे काम सुरू होते, ते सामन्यांची चित्रफीत पाहण्याचे. पारखी माणसे एकेक चाल पुन्हा पुन्हा फिरवून पाहतात. एक चाल काही सेकंदांची. त्यात पाहायचे काय? दादाने मला पाहायला शिकवले ते असे. पहिले, पाय. चाल सुरू होताच टॅकल मागे सरकतो. त्याचे पाऊल छोटे आणि जमिनीलगत हवे, पायात पाय अडकता कामा नये. दुसरे, वाकणे. गुडघ्यात वाकावे, कमरेत नव्हे. कमरेत वाकणारा पुढे झुकतो आणि समोरचा त्याला सहज चुकवतो. तिसरे, हात. ते समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने पडावेत. बाहेरून पडले तर ते धरणे ठरते, आणि दंड बसतो. चौथे, रेटा. समोरचा सरळ अंगावर आला तर किती पावलांत हा थांबवतो? पाचवे, डोळे. प्रतिपक्षाचे दोघे धावता धावता जागा बदलतात, तेव्हा शेजारच्या गार्डकडे आपला माणूस सोपवून नवा घेणे त्याला जमते का?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हरल्यावर तो काय करतो? पहिल्या झटक्यात प्रत्येक टॅकल केव्हा तरी चुकतोच. चुकल्यावर जो दुसऱ्या पावलाने तोल सावरतो, तोच पुढे टिकतो. चौथ्या, म्हणजे शेवटच्या पावात, दमल्यावरही त्याचे पाऊल पहिल्या पावासारखेच पडते का, हे जाणते लोक मुद्दाम पाहतात.

येथेही फसगत होऊ शकते. अनेक महाविद्यालयीन संघ चेंडू झटकन फेकून देतात. टॅकलला दोन सेकंदही थोपवावे लागत नाही, आणि त्याची पाटी कोरी राहते. म्हणून तो कोणापुढे खेळला आणि किती वेळ थोपवून उभा राहिला, हे विचारावे लागते. सोपा पेपर सोडवून पहिला आलेला विद्यार्थी खरोखर हुशार आहे की नाही, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही, तसेच हे.

दोन उदाहरणे देते. १९८९ साली टोनी मँडरिच हा मिशिगन स्टेटचा टॅकल. त्याचे शरीर आणि वेग पाहून लोक थक्क झाले होते. ग्रीन बे पॅकर्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. त्या वर्षीच्या पहिल्या पाच निवडींपैकी बाकीचे चौघे, ट्रॉय एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स, पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात गेले. मँडरिच मात्र पॅकर्सकडे अपेशी ठरला. त्याच्या महाविद्यालयीन संघाचा भर चेंडू घेऊन धावण्यावर असे. मागे सरकत थोपवण्याचे काम त्याला तेथे फारसे पडलेच नव्हते. महाविद्यालयात असताना आपण स्टेरॉइड घेत होतो, अशी कबुली त्याने २००८ साली दिली. म्हणजे टेपने मोजले ते शरीरसुद्धा खरे नव्हते.

दुसरा जो थॉमस, विस्कॉन्सिन विद्यापीठाचा. २००७ साली क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. ड्राफ्टच्या दिवशी न्यूयॉर्कच्या समारंभाला न जाता तो वडिलांबरोबर मासे धरायला गेला होता! त्याचा हात साडेबत्तीस इंच, म्हणजे संकेतापेक्षा आखूड. पण २००७ पासून २०१७ मध्ये दुखापत होईपर्यंत तो लागोपाठ १०,३६३ चाली एकही न चुकवता खेळला. संघ बहुधा हरतच होता, तरी हा गडी जागा सोडून हलला नाही. २०२३ साली तो कीर्तिमंदिरात गेला.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला ती सांगते. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा विल कॅम्पबेल तीन वर्षे लेफ्ट टॅकल खेळला. २०२५ च्या कंबाइनमध्ये त्याचा हात ३२ पूर्णांक ५/८ इंच भरला. ३३ ला सुमारे एक सेंटिमीटर कमी! पुढे त्याच्या विद्यापीठात पुन्हा मोजला तेव्हा तो ३३ भरला. या एका सेंटिमीटरवर तेथे आठवडेच्या आठवडे वाद झाला. शेवटी एप्रिलात न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले, आणि तेही टॅकल म्हणूनच. अशा निवडीचा निकाल एकदोन हंगामांत लागत नसतो. परंतु टेपच्या आकड्यापुढे त्याची तीन वर्षांची चित्रफीत ठेवली गेली, ही गोष्ट मला मोठी वाटते.

तो वाद दादाने मला वाचून दाखवला, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. कारण मला ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी तो एका भरतीला गेला होता. त्यासाठी दोन वर्षे पहाटे उठून कालव्याच्या रस्त्याने धावत असे. भरतीच्या दिवशी धावण्याची पाळीच आली नाही. आधी उंची मोजली, ती अर्धा सेंटिमीटर कमी भरली. संध्याकाळी तो घरी आला आणि बूट माळ्यावर टाकले.

मी रागाने म्हणाले होते की हा अन्याय आहे. आज तसे म्हणवत नाही. हजारो मुले येतात तेथे कोठे तरी रेघ मारावीच लागते. शिवाय टेपला कोणाचे आडनाव कळत नाही, वशिला कळत नाही. आमच्यासारख्यांना कित्येकदा टेपचाच आधार असतो. डोळ्याने केलेली पारख अधिक जाणते हे खरे, पण डोळा पक्षपातीही असू शकतो. म्हणूनच तिकडे एका मुलाला अनेक जण वेगवेगळे पाहतात, वेगवेगळे टिपण लिहितात, आणि मग एकत्र बसून भांडतात. एकाच माणसावर एवढे डोळे खर्चणे श्रीमंत संघांना परवडते. सर्वांना ते परवडणारे नाही, हे मला कळते. पण माप हे पारखीचा आरंभ आहे, शेवट नव्हे, एवढे तरी आपण ध्यानात ठेवू शकतो. परीक्षेचे गुण मोजताना, मुलगी पाहायला आलेल्यांनी तिची उंची विचारताना, आणि आपण स्वतः कोणाला एका नजरेत निकालात काढताना.

परवा मी दादाला विचारले, “तू संघाचा मालक असतास तर त्या कॅम्पबेलला घेतलं असतंस?”

तो म्हणाला, “ते नंतर. आधी त्याला पळवून बघितलं असतं.”